डावी दाढ, उजवी दाढ: खालच्या जबड्यावरील दोन पद्धतींचे परीक्षण

खालच्या जबड्यातल्या माझ्या दोन्ही अक्कलदाढा सात महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या दवाखान्यांत आणि जवळजवळ सर्वस्वी भिन्न पद्धतींनी काढल्या गेल्या. डावीकडे सगळे पाठ्यपुस्तकी होते: जबड्याच्या नसेचा नेहमीचा ब्लॉक (नसेजवळ औषध सोडून तिचा सारा भाग बधिर करणारी सुई), लिग्नोकेन हे भुलीचे औषध, फिरत्या बरने, म्हणजे छोट्या गिरमिटाने, हाड कोरणे आणि दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढणे. उजवीकडे गाऊ-गेट्स पद्धतीची सुई, तिच्या जोडीला आर्टिकेन हे दुसरे भुलीचे औषध, हाड कापायला सूक्ष्म कंपनांवर चालणारे पिझो यंत्र, आणि दाढ समूळ न काढता केवळ तिचा माथा कापून मुळे आतच ठेवणारी कोरोनेक्टॉमी. मी स्वतः २८ वर्षे दातांचा व्यवसाय केला असल्यामुळे या सुया देणाऱ्याच्या बाजूने मला चांगल्या परिचयाच्या होत्या. घेणाऱ्याच्या बाजूने त्या किती वेगळ्या लागतात हे मात्र वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले. दोन्ही दाढा पुढच्या दाढेच्या पाठीत अन्न अडकवून तिला कीड लावू लागल्या होत्या आणि दर काही महिन्यांनी त्यांच्यावरची हिरडी सुजत होती. दुसऱ्या कोणाच्या तोंडात हेच दिसले असते, तर मी त्या कधीच काढायला लावल्या असत्या.

ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे आधीच नोंदवतो. जबडा एकच असला तरी डावी दाढ पुढे कललेली आणि नसेपासून दूर होती, तर उजवी खोल रुतलेली आणि तिची मुळे नसेच्या नळीला भिडलेली होती. त्यामुळे हाड कापण्याच्या बाबतीत मी थोडा हात राखून बोलेन. भुलेच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू सारख्याच अवघड होत्या, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्यावरच आहे.

वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ आणि सच्छिद्र असल्यामुळे मुळाच्या टोकाजवळ हिरडीत औषध सोडले की ते हाडातून झिरपून दाताच्या नसेपर्यंत पोहोचते. खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड आणि घट्ट असते, तिथे ही युक्ती सहसा चालत नाही. म्हणून नस हाडात शिरण्यापूर्वीच तिला गाठावे लागते. ती जबड्याच्या मागच्या, कानाकडे जाणाऱ्या उभ्या फांदीच्या आतल्या बाजूच्या एका छिद्रातून आत जाते, आणि ते छिद्र ना डोळ्यांना दिसते, ना बोटाला लागते. बोटाने फांदीची पुढची कड चाचपायची, गालाच्या आतल्या बाजूची उभी वळी पाहायची, विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सुई आडवी न्यायची आणि साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर आत हाड लागले की किंचित मागे घेऊन औषध सोडायचे. म्हणजे खुणा मांसात शोधायच्या आणि लक्ष्य हाडात, तेही प्रत्येक माणसात थोडे वर, थोडे मागे. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी कोकेनचे द्रावण टोचून जबड्याच्या नसा बधिर करता येतात हे दाखवले, आणि या प्रयोगांची किंमत हॉलस्टेड यांनी स्वतःच्या व्यसनाने मोजली. औषध पुढे बदलले, १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते वापरात आले. सुईचा मार्ग मात्र बहुतेक दवाखान्यांत अजून तोच आहे.

डावीकडच्या दवाखान्यात मला हाच ब्लॉक मिळाला. सुई टोचल्याचे विशेष जाणवले नाही, कारण आधी हिरडीला जेल लावले होते. जाणवला तो औषधाचा दाब. एक मिलिलिटर औषधाला निदान एक मिनिट द्यावे असे आम्हाला शिकवले जाते. इथे जवळजवळ दोन मिलिलिटरची काडतूस, माझ्या अंदाजाने, वीस-पंचवीस सेकंदांत रिकामी झाली, आणि पेशींमध्ये जागा करत शिरणाऱ्या त्या द्रावणाची जळजळ कानापर्यंत गेली. अॅड्रेनलिन असलेले द्रावण टिकावे म्हणून आम्लधर्मी ठेवलेले असते, त्याचाही त्या जळजळीत वाटा आहे. सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येते का ते पाहिले गेले, हे मी आवर्जून नोंदवतो. या ब्लॉकमध्ये सुईचे टोक रक्तवाहिनीत सापडण्याचे प्रमाण शेकडा १० ते १५ इतके सांगितले जाते आणि घाईच्या दवाखान्यात गाळली जाणारी पहिली पायरी हीच असते.

चौथ्या मिनिटाला खालचा ओठ जड झाला, जिभेच्या कडेला मुंग्या आल्या. गालाच्या बाजूच्या हिरडीसाठी वेगळी छोटी सुई दिली गेली, कारण त्या हिरडीची नस वेगळी असते. मग टोकदार साधनाने हिरडी टोचून विचारण्यात आले, मला काही लागले नाही, आणि काम सुरू झाले. हिरडी उघडली, हाड कोरले, तोवर सारे ठीक होते. दाढ मधून चिरायला बर तिच्या गराजवळ, म्हणजे आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ भागाजवळ, गेला तेव्हा मात्र अशी कळ आली की मी खुर्चीचा हात सोडून डॉक्टरांचे मनगट धरले.

यात नवल काहीच नव्हते. या ब्लॉकचे अपयश, तज्ज्ञ हातांतही, शेकडा १५ ते २० पर्यंत धरले जाते, आणि दाताचा गर सुजलेला असेल तर ते बरेच वाढते. ओठ बधिर होणे आणि दाताचा गर बधिर होणे या दोन वेगळ्या घटना आहेत: ओठ चार-पाच मिनिटांत जड होतो, गराला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात, आणि कधी ओठ पूर्ण बधिर असूनही गर जागाच राहतो. त्यातच जबड्याच्या तळाशी जाणारी मायलोहायॉइड नस मुख्य नसेपासून छिद्राच्या बरीच आधी फुटते आणि काही माणसांत ती खालच्या दाढांनाही संवेदना पुरवते. छिद्राशी टाकलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे रुग्णांना विचारत आलो, ‘ओठ जड झाला ना? मग आता दुखणार नाही.’ त्या वाक्यातला ‘मग’ किती पोकळ होता हे त्या खुर्चीत कळले.

डॉक्टरांनी पुढे जे केले ते योग्यच होते. ब्लॉक थोड्या वरच्या पातळीवर पुन्हा दिला आणि उघड्या पडलेल्या गरातच दाबाने थोडे औषध सोडले. गरातली सुई एक क्षण भयंकर लागते, पण काम लगेच करते. तिचा परिणाम औषधापेक्षा दाबामुळे होतो असे मानले जाते. त्यानंतर शेवटपर्यंत काहीही दुखले नाही. म्हणजे पद्धत वाया गेली नव्हती, तिला दहा मिनिटे मिळाली नव्हती. तरीही माझी तक्रार राहतेच: शेजारच्या दुसऱ्या दाढेवर थंड फवाऱ्याचा बोळा धरून पाहिला असता, तर गर जागा आहे हे चिरण्याआधीच कळले असते. या चाचणीला अर्धे मिनिटही लागत नाही.

उजव्या बाजूसाठी मी मुद्दाम गाऊ-गेट्स पद्धत वापरणाऱ्या शल्यविशारद बाईंकडे गेलो. जॉर्ज गाऊ-गेट्स या ऑस्ट्रेलियन दंतवैद्याने १९७३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तिची कल्पना साधी आहे: छिद्राशी नेम धरण्याऐवजी बरेच वर, जबड्याच्या सांध्याखालच्या मानेशी औषध सोडायचे, म्हणजे नसेच्या शाखा फुटण्याआधीच्या तिच्या खोडाजवळ. तिथून खालच्या दाढांची नस, जिभेची नस, मायलोहायॉइड आणि बहुतेक वेळा गालाची नसही एकाच सुईत बधिर होते. खुणाही तोंडाबाहेरच्या असतात, ओठाच्या कोपऱ्यापासून कानासमोरच्या कूर्चेच्या खालच्या टोकापर्यंतची काल्पनिक रेघ. सुई तिला समांतर ठेवून, वरच्या दुसऱ्या दाढेच्या मागून आत न्यायची. हाड लागले नाही तर औषध सोडायचेच नाही, हा नियम इथे सर्वांत कडक. रक्तवाहिनी सापडण्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास सांगितले जाते, आणि हा आकडा मला यशाच्या टक्केवारीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

रुग्ण म्हणून मात्र ही पद्धत सुखाची नाही. तोंड शक्य तितके मोठे उघडावे लागते, कारण तेव्हाच सांध्याचे टोक पुढे सरकून सुईच्या वाटेवर येते, आणि सुई काढल्यावरही ते एक-दोन मिनिटे तसेच ठेवावे लागते. ‘सर, मी सांगेपर्यंत तोंड मिटायचं नाही,’ असे बाईंनी दोनदा बजावले. त्या दोन मिनिटांत माझा जबडा थरथरू लागला. दातांमध्ये रबराचा ठोकळा दिला असता तर हा त्रास वाचला असता. तो समोरच्या ट्रेमध्ये होता आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलाही गेला, पण सुईच्या वेळी कोणाला सुचला नाही. दुसरी अडचण वाट पाहण्याची. इथली नस जाड असते आणि औषध तिच्यापासून थोडे दूर पडते, त्यामुळे परिणाम सावकाश येतो. सहाव्या मिनिटापर्यंत मला काहीच जाणवले नाही आणि मी मनातल्या मनात त्यांना नापास करून टाकले होते. मग जीभ, ओठ, हनुवटी आणि, हे अनपेक्षित होते, कानासमोरचा भाग आणि कानशील असे सगळे एकामागून एक जड होत गेले. दहाव्या मिनिटाला त्यांनी दुसऱ्या दाढेवर थंड बोळा धरला, नंतर सुळ्यावर, आणि दोन्हीकडे मला काही कळले नाही याची खात्री झाल्यावरच हिरडीला हात लावला. पुढच्या पाऊण तासात मला एकदाही कळ आली नाही.

इथे तिसऱ्या पद्धतीचा उल्लेख करायला हवा, कारण माझ्यावर तिची वेळ थोडक्यात टळली. डाव्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे माझे तोंड जेमतेम दीड बोट उघडत होते. त्या अवस्थेत दुसरी दाढ दुखली असती तर नेहमीचा ब्लॉकही शक्य नव्हता आणि गाऊ-गेट्स तर नाहीच. अशा वेळी वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली मिटल्या तोंडाची पद्धत उपयोगी पडते: दात एकमेकांवर ठेवून, गाल बाजूला ओढून, वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीवर सुई समांतर आत न्यायची. यात हाडाला स्पर्श होत नसल्यामुळे खोलीचा अंदाज हातावरच सोडावा लागतो, आणि मला ती त्यामुळेच पहिल्या पसंतीची वाटली नाही. पण ज्याचे तोंडच उघडत नाही, किंवा सुई पाहताच जो तोंड मिटून घेतो, त्याच्यासाठी हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. व्यवसायात असताना मी ही पद्धत फार उशिरा शिकलो.

आता आर्टिकेन. उजवीकडे मुख्य ब्लॉक लिग्नोकेननेच दिला होता. आर्टिकेन गालाच्या बाजूने हिरडीत, पूरक म्हणून सोडले गेले. ही विभागणी मला अतिशय समंजस वाटली. १९७० च्या दशकात जर्मनीत वापरात आलेले हे औषध रासायनिक रचनेत वेगळे आहे, त्यात बेंझीनऐवजी थायोफीनचे कडे आहे, ते चरबीत चांगले विरघळते आणि खालच्या जबड्याच्या जाड हाडातूनही बऱ्यापैकी झिरपते. २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनांमध्ये खालच्या पहिल्या दाढेसाठी हिरडीतून दिलेले आर्टिकेन तसेच दिलेल्या लिग्नोकेनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. मात्र त्याचा गरावरचा असर तासाभरात ओसरू लागतो, म्हणून एकट्याच्या भरवशावर अक्कलदाढ काढायला निघू नये. रक्तातली एन्झाइम्सही त्याचे विघटन करत असल्यामुळे त्याचा अर्ध-आयुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर असतो, लिग्नोकेनचा सुमारे दीड तास. दुसरी बाजू अशी की ते चार टक्के असते, म्हणजे मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम, दोन टक्के लिग्नोकेनच्या दुप्पट. किलोमागे सात मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरली तर ६० किलोच्या माणसाला १.७ मिलिलिटरच्या सहा काडतुसांवर थांबावे लागते. लहान चणीच्या रुग्णात हे गणित फार लवकर संपते.

ब्लॉकसाठी आर्टिकेन वापरावे का, हा वाद जुना आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात नोंदल्या गेलेल्या तक्रारींच्या आधारे १९९५ मध्ये असे मांडले गेले की, जीभ किंवा ओठ दीर्घकाळ बधिर राहण्याच्या घटना चार टक्के द्रावणांनंतर, म्हणजे आर्टिकेन आणि प्रिलोकेन या आणखी एका भुलीच्या औषधानंतर, अपेक्षेपेक्षा अधिक दिसतात. त्यावर आक्षेप असा की या तक्रारी स्वेच्छेने नोंदवलेल्या होत्या आणि इजा औषधाने झाली की सुईने, हे त्यातून ठरत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझे मत इतकेच की हिरडीतून देताना मोठी नस वाटेत येत नाही आणि फायदा तिथेच सर्वाधिक आहे, मग ब्लॉकमध्ये ते वापरून वाद ओढवून घेण्याचे कारण मला दिसत नाही. बाईंनीही नेमके हेच कारण सांगितले.

हे आर्टिकेन संगणक-नियंत्रित यंत्राने, पेनासारख्या मुठीतून, थेंबाथेंबाने सोडले गेले. जाहिरातींत अशी यंत्रे ‘वेदनारहित’ म्हणून येतात. ही सुई मला लागली नाही हे खरे, पण तो भाग आधीच ब्लॉकखाली बधिर होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मी सांगू शकत नाही. यंत्राचा खरा गुण असा की त्याला घाई करता येत नाही. डाव्या दवाखान्यातली ती वीस सेकंदांची काडतूस या यंत्रातून अशक्यच होती. पण ज्याचा हात मुळातच सावकाश आहे त्याने हे यंत्र घेतले नाही म्हणून त्याच्या रुग्णाचे फारसे बिघडणार नाही. दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत दिली जाणारी सुई आणि हाडात भोक पाडून दिली जाणारी सुई या दोन्ही पूरक पद्धती इथे लागल्या नाहीत; दुसऱ्या प्रकारात अॅड्रेनलिनमुळे छातीत एकाएकी धडधडते, हे रुग्णाला आधी सांगणारे डॉक्टर मला विश्वासाचे वाटतात.

हाड कापण्याविषयी. डावीकडे फिरता बर होता, सरळ हँडपीसवर, सलाइनची धार सतत चालू. दात भरायचा हवेवर चालणारा टर्बाइन इथे वापरू नये, कारण त्याची हवा उघड्या जखमेतून गालाच्या पेशींत शिरून चेहरा फुगू शकतो. या दवाखान्याने तो नियम पाळला होता. पाणीही महत्त्वाचे, कारण ४७ अंश सेल्सियसच्या वर हाड मिनिटभर राहिले तरी ते मरू लागते. कामाला सुमारे ३५ मिनिटे लागली. आवाज कवटीतून ऐकू येतो, आणि चिरलेला माथा उचलीने (दात उचकटण्याच्या साधनाने) फोडताना होणारा ‘कट्’ असा आवाज बधिर जबड्यालाही हादरवतो. दुखत नाही, पण काहीतरी मोडले आहे याची खात्री शरीराला पटते.

पिझोचे तत्त्व वेगळे आहे. इटलीतल्या तोमासो व्हेर्चेलोत्ती यांनी तोंडाच्या शस्त्रक्रियेत आणलेले हे यंत्र सेकंदाला साधारण २४ ते ३० हजार सूक्ष्म कंपनांनी हाडासारखे कठीण ऊतक कापते आणि मऊ ऊतक बहुतांशी सोडून देते. अंड्याचे कवच कापून आतला पापुद्रा शाबूत ठेवण्याचे प्रात्यक्षिक यासाठीच केले जाते. ते खरे आहे, पण त्यावरून यंत्र नसेला इजा करूच शकत नाही असा निष्कर्ष काढणे चूक. जास्त दाबले, पाणी कमी पडले, तर उष्णतेने नसेला त्रास होतोच. मला खुर्चीत जाणवले ते असे की धक्के जवळजवळ नाहीत, एक बारीक शिट्टीसारखा आवाज आणि भरपूर पाणी. काम मात्र हळू चालते. उजवीकडे पाऊण तास लागला आणि त्यातही दाढेचा माथा कापायला शेवटी बरच घ्यावा लागला, कारण दातावर पिझोची गती फारच कमी पडते. पिझोनंतर सूज आणि जबडा आखडणे कमी, वेळ मात्र जास्त, असा एकत्रित अभ्यासांचा कल आहे, आणि माझा अनुभव त्याला जुळला: डावीकडे दोन आठवडे तोंड उघडत नव्हते, उजवीकडे पाचव्या दिवशी पोळी चावता आली. अर्थात उजवीकडे मुळे ओढून काढलीच नव्हती, हे विसरून चालणार नाही.

ती का काढली नाहीत, हा या दुसऱ्या सेवेतला मला सर्वांत आवडलेला भाग. नेहमीच्या ओपीजी एक्स-रेमध्ये (अख्खा जबडा एका चित्रात दाखवणाऱ्या) नसेच्या नळीची वरची पांढरी रेघ माझ्या मुळांपाशी तुटलेली दिसत होती आणि मुळांवर काळसर पट्टा होता. रूड आणि शेहाब या संशोधकांनी १९९० मध्ये ज्या खुणा धोक्याच्या म्हणून नोंदवल्या, त्यांतल्या या दोन. बाईंनी त्यावर न थांबता सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला सांगितले, पडद्यावर काप पुढे-मागे सरकवत नस मुळांच्या खोबणीत कशी बसली आहे हे दाखवले, आणि मग पर्याय मांडले: दाढ पूर्ण काढायची तर ओठ दीर्घकाळ बधिर राहण्याचा धोका घ्यायचा, की माथा कापून मुळे हाडाच्या काठाखाली तीन-चार मिलिमीटर ठेवायची. मुळांना कीड वा पू असेल, ती हलत असतील, तर दुसरा पर्याय चालत नाही. आणि कापता कापता मुळे सैल झाली तर ती काढावीच लागतील, ही अटही त्यांनी लेखी संमतीत घातली होती. मुळांतल्या गरावर काही उपचार करत नाहीत हे ऐकून सामान्य रुग्ण दचकतो. मीही विद्यार्थिदशेत दचकलो असतो. पण तो गर बहुतेक वेळा जिवंत राहतो आणि वर नवे हाड चढते. माथा कापताना जिभेकडच्या बाजूला पट्टीसारखे साधन सरकवले होते, कारण जिभेची नस तिथे हाडाला अगदी लगटून जाते. त्या ताणाने माझ्या जिभेची कड पुढे नऊ दिवस झिणझिणत राहिली. याची कल्पना आधी दिलेली होती, म्हणून मी घाबरलो नाही.

डावीकडे अशी चर्चा झाली नाही. तिथे तिची गरजही कमी होती हे मान्य, पण संमतीच्या कागदावर सही एका सहायकाने घेतली आणि कागदावर काय आहे हे मी व्यवसायामुळे जाणत होतो म्हणून निभावले.

भरून येण्याच्या बाबतीत निकाल उलटा लागला. डावी जखम, सूज उतरल्यावर, शांतपणे भरली. उजवीकडे चौथ्या दिवशी कानाकडे जाणारी ठसठस सुरू झाली, गोळीने न थांबणारी: ड्राय सॉकेट, म्हणजे रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडणे. खालच्या अक्कलदाढांत ते नेहमीचेच, आणि कोरोनेक्टॉमीनंतरही होते. बाईंनी जखम धुऊन औषधी पट्टी भरली, दोन दिवसांनी बदलली, आणि दोन्ही वेळा वेळ न घेता गेलो तरी थांबवून ठेवले नाही. उजवीकडे भूलही फार वेळ टिकली, सहा तासांहून अधिक. त्या अवधीत मी चहाच्या पहिल्याच घोटाला जीभ चावली. गाऊ-गेट्सनंतर काय खाऊ-पिऊ नये हे रुग्णाला दोनदा सांगण्याची गरज आहे, आणि रुग्ण दंतवैद्य असेल तर तीनदा.

‘पूर्ण भूल घेऊन दोन्ही एकदम का नाही काढून टाकल्या?’ असे घरच्यांनी विचारले होते. एकाच बैठकीत काम उरकते, हा त्याचा खरा लाभ आहे. अतिशय घाबरणाऱ्या रुग्णासाठी, किंवा जबडाच कापून पुढे-मागे सरकवायचा असेल तेव्हा, पूर्ण भुलेला पर्याय नाही. त्या दुसऱ्या कामासाठी ट्राउनर आणि ओब्वेगेझर या शल्यविशारदांनी १९५७ मध्ये मांडलेली, जबड्याची फांदी उभी दुभागणारी पद्धत आजही सुधारित रूपात वापरली जाते, आणि दात एकमेकांवर बसवून पाहावे लागतात म्हणून श्वासाची नळी नाकातून घातली जाते. पण दोन अक्कलदाढांसाठी, ज्याला खुर्चीत बसवते त्याने, तेवढी जोखीम आणि तेवढी तयारी का पत्करावी हे मला पटले नाही. शिवाय दोन्ही बाजू एकदम सुजल्या तर घास कोणत्या बाजूने चावायचा?

सहा महिन्यांनी उजव्या बाजूचा एक्स-रे काढला. मुळे अपेक्षेप्रमाणे वर सरकली आहेत आणि नसेची नळी आता त्यांच्यापासून स्पष्टपणे सुटी दिसते. मुळे आणखी वर येऊन हिरडीला टोचू लागली तर काढावी लागतील, तेव्हा काम सोपे असेल, असे बाई म्हणाल्या. मी होकार दिला आणि सांगितले की सुई हीच द्या, दहा मिनिटे अशीच थांबा, फक्त त्या आधी ट्रेमधला रबराचा ठोकळा माझ्या दातांत ठेवा. त्यांनी तो माझ्या कागदांवर लिहून ठेवला.